बागवाला आणि झाडवाला

मराठीत 'आर्बोरिस्ट' या माणसाला चालता-बोलता शब्द नाही. सरकारी कागदावर 'वृक्षतज्ज्ञ' आहे, नाही असं नाही. पण आमच्या गेटवरच्या वॉचमनकाकांना 'वृक्षतज्ज्ञ आलेत, आत सोडा' असं सांगून बघा. ते रजिस्टरमध्ये 'झाड तोडणारे, ३ माणसं, १ टेम्पो' असंच लिहिणार. मग तो माणूस झाड तोडायला आलेला असो, वाळकी फांदी उतरवायला आलेला असो, की नुसतं खालून वर बघून मान हलवायला आलेला असो. लँडस्केपवाल्याची नोंद मात्र 'गार्डनचे साहेब' अशी होते. एकाच बागेत राबणाऱ्या दोन माणसांचा भाव असा गेटवरच ठरतो.

तर मंडळी, आजचा विकांत-लेख कोडबद्दल नाही. (हुश्श, म्हणालात ना? ऐकू आलं.) गेली अडीच वर्षं मी आमच्या सोसायटीच्या उद्यान समितीत आहे. समितीत बाकी सगळे निवृत्त काका-काकू, आणि मी एकटा नोकरदार. मला एक्सेल येतं एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली. झाडांमधलं मला काय कळत होतं? आंबा ओळखायचो, तोही आंबे लागलेले असले तर. पण ऑफिसात दिवसभर दोन टीम्सच्या मधली भांडणं बघत असल्यामुळे एक गोष्ट मात्र लगेच ओळखीची वाटली. आमच्याकडे ॲप्लिकेशनवाले आणि इन्फ्रावाले जसे एकमेकांकडे बघतात, तसेच हे दोघं एकमेकांकडे बघतात.

लँडस्केपवाल्याचं काम पहिल्या दिवशी दिसतं. उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून टेम्पो भरून रोपं येतात, लाल माती येते, शेणखत येतं, लॉनच्या गाद्या अंथरल्या जातात, आणि संध्याकाळपर्यंत उजाड जागेचं ब्रोशर होतं. लोक फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. झाडवाल्याचं काम चांगलं झालं असेल तर काहीच दिसत नाही. झाड काल होतं तसंच आज आहे, फक्त जी फांदी पुढच्या वळवात कुणाच्या तरी डोक्यावर येणार होती ती आता नाही. न घडलेल्या अपघाताचा फोटो कसा काढणार? त्यामुळे कमिटीच्या मीटिंगमध्ये लॉनचं बिल पाच मिनिटांत पास होतं आणि छाटणीच्या बिलावर 'एवढे पैसे कशाचे? दोन तासात तर गेले' असा अर्धा तास जातो. सर्व्हर नीट चालू असला की 'ही ऑप्सची टीम नक्की करते काय' म्हणून विचारतात, त्याच जातीचा हा प्रश्न.

आता या दोघांचं एकमेकांशी नातं काय? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच: मुख्य कंत्राटदार आणि त्याचा उपकंत्राटदार. सोसायटी वर्षाचं देखभालीचं कंत्राट लँडस्केपवाल्याला देते. त्यात 'झाडांची छाटणी' अशी एक ओळ असते. लँडस्केपवाल्याकडे दोर नाहीत, चढणारी माणसं नाहीत, पेट्रोलवरची करवत नाही. मग तो फोन फिरवतो आणि जो मोकळा असेल तो येतो. या वर्षी एक, पुढच्या वर्षी दुसरा. झाडावर चढणाऱ्याला सोसायटीचं नाव माहीत नसतं, सोसायटीला त्याचं नाव माहीत नसतं. मी हिशोबाच्या जुन्या फायली चाळल्या तेव्हा एका वर्षी छाटणीचे आम्ही १८ हजार दिलेले दिसले. पुढे ओळख झाल्यावर लँडस्केपवाल्या सरांनीच मोकळेपणी सांगितलं, त्यातले ११ हजार चढणाऱ्यांना गेले होते, तेही दिवाळीनंतर. छाटणी मे महिन्यात झाली होती. 'आमचं बिलच सोसायटीनं तेव्हा काढलं हो,' ते म्हणाले. तेही खरंच होतं.

त्यात आणखी एक मेख आहे, ती म्हणजे लाकूड. उतरवलेलं लाकूड छाटणारा घेऊन जातो, वखारीत विकतो आणि तेवढी रक्कम मजुरीतून कमी धरतो. कमिटीला वाटतं स्वस्तात काम झालं. पण जरा विचार करा: ज्याची मजुरी लाकडावर अवलंबून आहे, तो बारीक वाळक्या काटक्या काढेल की मांडीएवढी हिरवी फांदी? कोणी लबाड असण्याची गरजच नाही. कराराची रचनाच अशी आहे की जास्त कापण्यात फायदा.

हे झालं पैशांचं. पण खरी गंमत जीवशास्त्रात आहे. लँडस्केपवाल्याचं लॉन आणि झाडवाल्याचं झाड यांचं मुळात पटत नाही. लॉनला ऊन हवं आणि वरचेवर पाणी हवं. मोठ्या झाडाखाली ऊन नसतं. मग झाडाखालचं लॉन पिवळं पडतं, कमिटी लँडस्केपवाल्याला फैलावर घेते, तो वर बोट दाखवून म्हणतो, 'सावली फार आहे, फांद्या काढाव्या लागतील.' आणि मग फोन फिरतो. म्हणजे शंभर रुपयांच्या गवतासाठी तीस-चाळीस वर्षांचं झाड भादरलं जातं, आणि हा निर्णय झाडातलं ज्याला कळतं अशा एकाही माणसाने घेतलेला नसतो. गवत कापणाऱ्या यंत्राची नायलॉनची दोरी बुंध्याला लागून लागून साल सोलते, तो वेगळाच विषय.

आमच्या गेटजवळ एक रेन ट्री आहे. मराठीत पर्जन्यवृक्ष म्हणतात. मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. पुण्या-मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर छत्रीसारखा पसरलेला असतो तोच. संध्याकाळ झाली की पानं मिटतो. बिल्डरने प्लॅन पास करताना तो राखला आणि ब्रोशरच्या मुखपृष्ठावर छापला. २०१९ साली त्याच्याभोवती गोल कठडा बांधून आत फूटभर लाल माती भरली, मधोमध उंचवटा केला, लॉन लावलं. दिसायला झकास! २०२० मध्ये सावलीच्या तक्रारीवरून कुणीतरी येऊन त्याचं पार मुंडन करून गेलं. वर्षभरात त्याच खुंटांमधून भसाभस नवे फुटवे आले, झाड पुन्हा हिरवंगार झालं, सगळे खूश.

मे २०२३ मध्ये वळवाच्या पहिल्याच वादळात त्यातला एक फुटवा (फुटवा कसला, चांगला माझ्या दंडाहून जाड झाला होता) खुंटापासून निखळून खाली आला. संध्याकाळचे सहा. खाली एक स्कूटर होती, तिचा चेंदामेंदा झाला. त्या जागी रोज सकाळी शाळेच्या बससाठी बारा-तेरा पोरं उभी असतात. मेची सुट्टी होती, आणि सकाळ नव्हती, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. आमच्या भाषेत रूट कॉज ॲनालिसिस. (या शब्दाचा इतका शब्दशः उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच.) लँडस्केपवाले सर म्हणाले, छाटणी चुकीची झाली होती. त्या वेळी छाटणारे कोण होते ते कुणालाच सांगता येईना. मग कुणाच्या तरी ओळखीने मुळशीकडचे एक गृहस्थ आले. साठीच्या जवळचे, पांढरी टोपी, खांद्यावर दोराचं वेटोळं. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून इथेही मामाच. मामा वर चढलेच नाहीत. आधी खाली बसले, बुंध्याजवळची माती खुरप्याने उकरायला लागले आणि म्हणाले, 'ह्याला गळ्यापर्यंत पुरलाय की.'

दोघांचंही बरोबर होतं. हे मला नंतर वाचून कळलं.

झाडाच्या जखमेबद्दल जगाला शहाणं करणारा माणूस म्हणजे ॲलेक्स शिगो. अमेरिकेच्या वनखात्यात संशोधक होता. हा बाबा करवत घेऊन हजारो झाडं उभी-आडवी चिरून आत काय चाललंय ते बघत बसायचा. त्याने दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून वेगळा पाडतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. (आमच्याकडे बिघडलेली सर्व्हिस नेटवर्कपासून तोडतात ना, अगदी तस्सं.) फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कॉलर असते, कापायचं ते तिच्या बाहेर. कॉलर सोडून कापलं तर झाड जखम मिटवू शकतं. कॉलरसकट सपाट कापलं, किंवा मध्येच कुठेतरी फांदी तोडून खुंट ठेवला, तर कुजणं आत शिरतं. शिवाय खुंटातून येणारे फुटवे हे वरवर चिकटलेले असतात, मूळच्या फांदीसारखे खोडात रुतलेले नसतात. ते जोमाने वाढतात, जड होतात आणि एक दिवस निखळतात. शिगोचं 'अ न्यू ट्री बायॉलॉजी' हे पुस्तक १९८६ सालचं. तो २००६ मध्ये गेला. कापल्या जागी डांबर किंवा रंग फासून कुजणं थांबत नाही, हेही त्यानेच दाखवलं. तरी आपल्याकडे गेरू-डांबराचे डबे अजून टेम्पोत असतातच.

आता मामांचा मुद्दा. आपल्याला वाटतं मुळं खोल खाली जातात. बहुतेक झाडांची पाणी-अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना हवा लागते. वर फूटभर माती चढवली, तीवरून हातगाड्या फिरवून ती दाबली, रोज पाणी मारलं की मुळं गुदमरतात. बुंध्याची साल कायम ओली राहून सडते. बांधकामाच्या जागी झाड वाचवायचं तर किती जागा सोडावी यासाठी ब्रिटिशांचा एक मानक दस्तऐवज आहे, बीएस ५८३७, २०१२ ची आवृत्ती. त्यात सरळ सूत्र आहे: छातीच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर खोडाचा जो व्यास असेल, त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि त्या वर्तुळात हात लावू नका. मी आमच्या रेन ट्रीला टेप लावली. घेर अडीच मीटर, म्हणजे व्यास साधारण ८० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या साडेनऊ मीटर. आमचा शोभिवंत कठडा बुंध्यापासून दीड मीटरवर होता.

आणि यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे वेळ. मुळं गुदमरलेलं मोठं झाड लगेच मरत नाही. साठवलेल्या पुंजीवर दोन-तीन-पाच वर्षं काढतं. शेंडे वाळायला लागतात तोवर बाग करणाऱ्याची वर्षभराची हमी संपलेली असते, बिल मिळालेलं असतं, कमिटी बदललेली असते. मग बोलावलं जातं झाडवाल्याला, आणि शेवटी झाड कापताना जो दिसतो तोच खुनी ठरतो! आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी कोड टाकून सुट्टीवर जाणारा एक प्राणी होता, त्याची आठवण झाली. फरक इतकाच की तो सोमवारी सापडायचा.

इथे जरा विषयांतर. मी प्रोजेक्टसाठी आठ महिने न्यू जर्सीत होतो. तिथे झाडांवर काम करणाऱ्या धंद्याला राज्याकडे नोंदणी लागते, आणि परवानाधारक माणूस लागतो. त्यामुळे आमच्या अपार्टमेंटचं गवत कापणारी माणसं मोठ्या झाडाला हात लावत नसत. त्यांचा प्रमुख खिशातून एका झाडवाल्याचं कार्ड काढून द्यायचा. झाडवाला उलट त्याला फांद्यांचा भुगा फुकट द्यायचा, कारण तो टाकून यायलाच पैसे पडतात, आणि बागवाल्याला तो आच्छादनासाठी हवाच असतो. काय सुरेख सोय, असं मला वाटलं. आणि मग वसंत ऋतूत त्याच बागवाल्यांनी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी त्या भुग्याचे ज्वालामुखीच्या आकाराचे ढीग रचले. तिथले झाडवाले त्याला 'व्होल्कॅनो' म्हणूनच शिव्या घालतात, कारण परिणाम आमच्या लाल मातीसारखाच: बुंधा ओला, साल सडकी. म्हणजे परवाने आले, कार्डं आली, तरी जमिनीपासून वरचं एकाचं आणि खालचं दुसऱ्याचं ही वाटणी काही सुटली नव्हती.

असो. परत मुळशीच्या मामांकडे.

सोसायटीने मामांना थेट काम दिलं आणि लँडस्केपवाल्या सरांना ते लागलं. माणूस चांगला आहे, कृषी पदवीधर आहे, डाळिंबाच्या बागांमधला अनुभव आहे. पण 'माझ्या साइटवर मला न विचारता माणूस आणला' हे त्यांचं दुखणं मला समजत होतं. आपल्या मॉड्यूलमध्ये दुसऱ्याने परस्पर बदल केला की आपल्यालाही असंच होतं की. पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. मामांच्या माणसांनी एक मोठा खुंट दोराने उतरवताना तो हेलकावला आणि मेंदीचं कुंपण व पाण्याची एक पाइपलाइन फुटली. सर म्हणाले भरपाई कोण देणार. मामा म्हणाले, 'साहेब, झाडाच्या खाली पायपा कुणी घातल्या? चर खणताना मुळ्या तोडल्या त्याची भरपाई झाडाला कोण देणार?' नंतर जे झालं ते सोसायटीच्या इतिवृत्तात 'विचारविनिमय झाला' असं नोंदवलेलं आहे.

मग ऑगस्ट आला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन रेन ट्रीजवळ व्हायचं होतं. वर अजून एक धोक्याचा फुटवा शिल्लक होता. ती फांदी झेंडावंदनाआधी काढून देतो असा शब्द सरांनी कमिटीला दिला होता, कारण बागेच्या नूतनीकरणाचं मोठं काम त्यांना त्यानंतर मिळणार होतं. नेमका आठवडाभर पाऊस. तेरा तारखेला मामा आले, झाडाला हात लावला आणि म्हणाले, आज नाही. सर तापले. म्हणाले, 'मामा, उद्या दुसरी टीम आणतो, लोक तयार आहेत.' आणते तर आलीही असती. पावसात चढणारी माणसं या शहरात एका फोनवर मिळतात, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या विम्याचा कागद कुणी मागत नाही.

मामा आवाज न चढवता म्हणाले, 'आणा साहेब. फक्त त्याला वर पाठवायच्या आधी विचारा, घरी कोण कोण आहे. माझा भाचा असाच वल्या सिल्वर ओकवर चढला होता. कंबरेला दोर होता. दोर असला तरी वल्या खोडावर पाय ऐकत नाही, आपटला खोडावर. आता गावात पानाच्या टपरीवर बसतो. उभं राहता येत नाही म्हणून बसतो.'

सर काही बोलले नाहीत. थोडा वेळ दोघंही पावसात तसेच उभे. मग सरांनी खिशातून फोन काढला आणि कमिटीच्या अध्यक्षांना सांगितलं की झेंडावंदन पार्किंगच्या बाजूला घ्या, झाडाखालचा रस्ता दोरी बांधून बंद करतो, जबाबदारी माझी. अध्यक्ष नाराज झाले. नूतनीकरणाचं काम पुढे दोन महिने लांबलं आणि त्यातलं निम्मंच सरांना मिळालं. हे नुकसान त्यांनी मामांना कधी ऐकवलं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

त्या दिवसानंतर कामाची पद्धत बदलली. कोणी ठरवून बदलली नाही. सर कुठल्याही बागेत माती टाकायच्या आधी मामांना फोन करायला लागले, 'जरा येऊन बघून जाता का' म्हणून. आणि मामा चढायच्या आधी विचारायला लागले, 'साहेब, खाली काय काय पुरलंय?' मग सर चुन्याने पाइपलाइनची रेघ मारून ठेवायचे. मी माझ्या परीने एक्सेल केलं: प्रत्येक झाडाला नंबर, घेर, शेवटची छाटणी कधी आणि कोणी केली, खाली काय आहे. मामांनी ते बघून 'छान आहे' म्हटलं आणि परत कधी उघडायला सांगितलं नाही. पण त्यातला 'कोणी केली' हा रकाना मात्र मी हट्टाने भरतो.

रेन ट्रीभोवतीची माती त्या हिवाळ्यात काढली. यंत्राने नाही, हाताने. सरांचे तीन माळी खुरप्याने उकरत होते आणि मामा बाजूला उकिडवे बसून 'हळू, हळू, ती मुळी आहे' म्हणत होते. खोड खाली जिथे पसरट होऊन मुळांत शिरतं तो भाग दिसेपर्यंत, चार दिवस. एका बाजूची साल हाताने निघाली. तळहाताएवढी जागा गेलेली होती. बाकी टणक. कठडा फोडला. लॉन तिथून कायमचं गेलं. सरांनी त्या जागी सावलीत जगणारी, छोट्या पिशवीतली रोपं लावली, स्पायडर लिली, सिंगोनियम आणि काही नेचे. छोटी पिशवी अशासाठी की खड्डा लहान लागतो, मुळं तुटत नाहीत. ही कल्पना सरांची. मामांनी त्यावर मान डोलावली तेव्हा सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. फांद्यांचा भुगा आता टेम्पोने बाहेर जात नाही, बागेतच पसरतो, बुंध्यापासून हातभर लांब. भांडणं होतातच. सरांना अजून कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची असते, डाळिंबाची सवय. मामा लावू देतात. 'त्यांना बरं वाटतं, झाडाचं काय बिघडत नाही.'

परवानगीचा घोळही यातच निस्तरला. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत झाड 'तोडणे' म्हणजे नुसतं कापणं नाही, कुठल्याही प्रकारे इजा करणंही आलं. पूर्वी सर म्हणायचे अर्ज छाटणारा करेल, छाटणाऱ्याला वाटायचं सोसायटीने केला असेल, आणि सोसायटीला वाटायचं कंत्राट दिलंय म्हणजे त्यात सगळं आलं. तीन जण मिळून एकही अर्ज नाही. आता अर्ज सोसायटी करते, उद्यान विभागाचे लोक पाहणीला येतात तेव्हा दोघंही हजर असतात, आणि तारांजवळची फांदी असेल तर महावितरणला कळवून वीज बंद करून घ्यायचं काम माझ्याकडे.

पैशांचं मात्र अजून अर्धवटच आहे. छाटणीचं बिल आता मामांच्या नावाने थेट निघतं आणि लाकडाची किंमत मजुरीतून वजा होत नाही. लाकूड सोसायटी वेगळं विकते. हे पास करून घ्यायला मला तीन मीटिंगा लागल्या. एका काकांनी विचारलं की मग लँडस्केपवाल्याला देखरेखीचे पैसे कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. सरांनी खरोखर वेळ घालवला होता, पण 'फोनवर बोललो, उभा राहिलो' याला कुठल्या हेडखाली टाकायचं? शेवटी 'समन्वय' नावाची एक ओळ घातली आणि २ हजार रुपये मंजूर झाले. चढणाऱ्या माणसांच्या विम्याचा हप्ता कोणी भरायचा, हा विषय मार्चपासून प्रत्येक मीटिंगच्या शेवटी येतो आणि वेळेअभावी पुढे जातो. पुढच्या मीटिंगमध्ये तो मी पहिल्या क्रमांकावर टाकलाय.

या रविवारी सकाळी आठला दोघं येणार आहेत. पूर्वेच्या भिंतीजवळ एक गुलमोहर आहे, दर जूनला लालभडक होणारा. त्याखाली ज्येष्ठांसाठी पेव्हर ब्लॉकचा कट्टा करायचं कमिटीने सुचवलंय, सरांनी चित्रही काढलंय. मामांनी मागच्या वेळी जाता जाता बुंध्यावर लाकडी हातोडा मारला होता आणि एका बाजूने आवाज पोकळ आला होता. घेर १ मीटर ६०, म्हणजे बारापट केलं तर सहा मीटर. भिंत दोन मीटरवर आहे. सर म्हणतात कट्टा भिंतीच्या टोकाला, उन्हात सरकवू आणि वर मांडव घालू. मामा म्हणतात आधी चढून बघू द्या, मग चित्र काढा. टेप आणि चुना माझ्याकडे, चहा कमिटीच्या खर्चाने.